नऊ पवनी

"आण इकडे," असे म्हणून ती उजवा हात पुढे करायची. तळवा वर, बोटे जराशी वाकलेली आणि नजर मात्र खिडकीबाहेर. समोरच्याने काय आणले आहे, ते जड आहे की हलके, याच्याशी तिला काही देणेघेणे नसायचे. हात पुढे आला की आपण त्यावर हातातले ठेवून द्यायचे आणि मोकळे व्हायचे.

तुमच्याही गावच्या गाडीत अशी एखादी बाई असेल. पाहा आठवून. गर्दीत उभ्या असलेल्या माणसाची पिशवी तिच्या मांडीवर, कोणाचे रडके लेकरू तिच्या काखेत, कोणाचा डबा तिच्या पायांमध्ये. आमच्या गाडीत एकदा एका म्हाताऱ्याने दवाखान्यात तपासायला न्यायची बाटली तिच्या हातात दिली. बाटलीत काय आहे ते आम्हा सगळ्यांना दिसत होते. तिने ती पवनीपर्यंत न हलवता धरली आणि उतरताना म्हणाली, "घे बाबा, तुहं तुह्यापाशी."

आम्ही तिला मोठमाय म्हणत होतो. आमच्याकडे बापाच्या मोठ्या भावाच्या बायकोला मोठमाय म्हणतात. ती आमच्यापैकी कोणाच्याच नात्यातली नव्हती, तरी सगळी गाडी तिला हेच म्हणायची. पिकलेले केस असलेला कंडक्टरसुद्धा.

कोंढ्याहून सकाळी आठच्या लाल गाडीने आम्ही नऊ जणी पवनीला जायचो. तिथे एका व्यापाऱ्याची हातमागाची शेड आहे. कोणी कांड्यांवर सूत भरायच्या, कोणी साडीच्या पदराला गोंडे बांधायच्या. मोठमायचे काम ताण्याचे, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांचे. मागावर धागा तुटला की विणकर हाक मारायचा. ती उठून जायची, दोन बोटे जिभेला लावायची, धाग्याची दोन टोके धरून एक पीळ द्यायची, आणि झाले. साडी उलटी करून उजेडात धरली तरी तिची गाठ सापडत नाही असे विणकर सांगायचे.

मला चारचौघांत बोलायला जमत नाही. पहिल्या दिवशी मी गाडीत बसले तेव्हा कंडक्टरने तीनदा विचारले, "कुठं जायचं बाई?" आणि मी तीनदा खिडकीकडे पाहिले. चौथ्यांदा त्याचा आवाज चढला तेव्हा बाजूच्या सीटवरून ती म्हणाली, "हे आमची हाय, भाऊ. बोलत नाही, पन उतरते बरोबर."

मग माझ्याकडे न पाहताच हात पुढे केला. "आण इकडे."

मी मुठीत घामेजलेली नोट तिच्या हातावर ठेवली. त्यानंतर सात वर्षे मला कोणत्याही कंडक्टरशी बोलावे लागले नाही.

रोजची रीत ठरलेली होती. गाडी गावाबाहेरच्या तळ्याच्या पाळीला, म्हणजे बांधाला लागली की सगळ्यांचे पैसे तिच्या हातात जमा. कंडक्टर जवळ आला की ती म्हणायची, "नऊ पवनी." बस, दोनच शब्द. तो नऊ तिकिटे द्यायचा आणि ती पदराच्या टोकाला गाठ मारून ती बांधून टाकायची. आम्हाला कधी तिकीट दिसायचेही नाही. कोणी मागितलेच तर म्हणायची, "कायले? लोनचं घालतेस का त्याचं?"

एकदा तिकीट तपासणारे साहेब चढले. मोठमायने गाठ सोडली तर आत नऊ तिकिटे, दोन लवंगा, एक सेफ्टी पिन आणि आदल्या दिवशीची नऊ तिकिटे. साहेबांनी अठरा तिकिटे मोजली, आम्हा नऊ जणींकडे पाहिले, पुन्हा मोजली. ती म्हणाली, "जास्तच हायेत ना जी? कमी त नाही?" साहेब हसले आणि पुढच्या थांब्यावर उतरले.

तिचे आणखी एक म्हणणे होते: "बांधून ठेव, नाही त जाते." शेडमध्ये तिची कात्री कमरेला बांधलेली, चष्मा गळ्यात बांधलेला, पेटीची किल्ली पोलक्याला बांधलेली. आमच्या शेडमध्ये प्रत्येकीचा एक रंग असतो. भरलेल्या कांड्यांची टोपली कोणाची ते कळावे म्हणून टोपलीला त्या रंगाचा धागा बांधून ठेवतात. हे रंगही तिनेच वाटलेले. सगळ्यात धाकटी वंदना पिवळी, शेवंता हिरवी, मी जांभळी. मला जांभळा का, असे मी एकदा हळूच विचारले होते. ती म्हणाली, "तो रंग कोनी मांगतलाच नव्हता. तुहं तसंच हाय."

एवढे सगळे सांगितले, कारण पुढे जे झाले ते यातूनच झाले.

एके दिवशी कंडक्टरने सीटच्या दांड्याला टेकून सगळ्यांना सांगितले की आता बायकांना अर्धे तिकीट पाहिजे असेल तर कार्ड काढावे लागेल. फोटोचे कार्ड. ते मशीनला लावायचे, मशीन 'टीं' वाजले की अर्धे तिकीट. कार्ड नसेल तर पूर्ण.

"म्हनजे आता आमी बाया आहो हे मशीन सांगन का?" मोठमायने विचारले.

"हो जी."

"अन् तुले दिसून नाही राहिलं का?"

गाडी हसली. कंडक्टरही हसला, पण म्हणाला, "मले दिसून काय उपेग, मोठमाय. मशीनले दिसलं पायजे."

मग स्टँडवरच्या खिडकीच्या फेऱ्या सुरू झाल्या. तुम्हीही काढले असेल हे कार्ड, तर तुम्हाला सांगायला नको. एक दिवस फॉर्म संपलेले, एक दिवस लिंक नाही, एक दिवस लिंक आहे पण बाबू जेवायला गेलेले. फोनवर नंबर येतो म्हणे, तो सांगायचा. आम्हा नऊ जणींत फोन दोन, त्यातला एक वंदनाच्या नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा रानात. बाबू नंबर विचारायचा, वंदना नवऱ्याला फोन लावायची, नवरा ट्रॅक्टरच्या आवाजात ओरडून आकडे सांगायचा, आणि ते सांगून होईपर्यंत नंबर जुना झालेला असायचा.

फोटोच्या वेळी मोठमायने डोक्यावरचा पदर सोडला नाही. बाबू म्हणाला, "आजी, कान दिसले पाहिजेत." ती म्हणाली, "कानानं बसते का मी गाडीत?"

महिनाभराने कार्डे आली. रबर लावलेला गठ्ठा बाबूने खिडकीतून सरकवला आणि तिने सवयीने हात पुढे केला. आण इकडे. मग ती एकेक कार्ड मला दाखवायची, मी नाव वाचून सांगायची आणि ती ज्याचे त्याला द्यायची. शेवटी एक उरले. त्यावर छापलेले नाव मी वाचले तेव्हा सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. असे नाव आमच्यात कोणाचेच नव्हते. कार्ड चुकून आले म्हणून मी ते परत द्यायला निघाले होते. वंदनाने फोटो पाहिला आणि पदर ओळखला.

"मोठमाय, हे तुहं नाव?"

"असन बा," ती म्हणाली. "मले त्या नावानं कोनी बलावलंच नाही, त मी कायले ध्यानात ठेवू?"

ते नाव मी इथे लिहीत नाही. तिलाच ते आपले वाटत नव्हते.

पहिला आठवडा मोठ्या गोंधळाचा गेला. पूर्वी दोन शब्दांत होणारे काम आता नऊ ठिकाणी अडू लागले. शेवंताचे कार्ड रुमालात, रुमाल बटव्यात, बटवा डब्याच्या पिशवीच्या तळाशी. डबा बाहेर, चटणीची डबी बाहेर, मग कार्ड, त्याला तेल लागलेले. एकीचे कार्ड गव्हाच्या पिठाच्या डब्यात राहिले, कारण घरात तीच जागा कोरडी. एकीने ते देवापाशी ठेवले आणि त्यावर कुंकू वाहिले, मशीनने मात्र ते कुंकवासकट घेतले. कंडक्टर बिचारा ओरडायचा, "कार्ड काढून ठेवा जी, पवनी येऊन राहिली!"

आणि मोठमाय आपला रिकामा हात मांडीवर ठेवून हे सगळे पाहत राहायची. ज्याचे कार्ड त्यानेच दाखवायचे असा नियम होता. तिच्या हातात द्यायला आता कोणापाशी काही नव्हते.

शनिवारी दुपारच्या सुट्टीत तिने हात पुढे केला. "आना इकडे. सगळ्यांचे आना."

शेडमध्ये चहाची शेगडी असते. तिने पोते शिवायचा दाभण त्यात तापवला. प्रत्येक कार्डाचा कोपरा नीट पाहिला, जिथे फोटो नाही, नाव नाही, आकडा नाही अशी जागा शोधली, आणि तिथे एक बारीक, गोल, सुरेख भोक पाडले. इतके नीट की कारखान्यातूनच तसे आले असे वाटावे. मग साडीच्या गोंड्यासाठी ठेवलेल्या रेशमाचा पीळ घालून दोऱ्या केल्या, वंदनाची पिवळी, शेवंताची हिरवी, माझी जांभळी, आणि खाली एकेक छोटा गोंडा. नऊ कार्डे नऊ गळ्यांत. आम्ही एकमेकींकडे पाहून हसत सुटलो. विणकर माग थांबवून पाहायला आले. वंदना म्हणाली, "आता त आमी लगनाच्या वऱ्हाडावानी दिसून राहिलो."

मोठमाय म्हणाली, "बांधून ठेव, नाही त जाते."

संध्याकाळच्या गाडीला जागा नव्हती म्हणून आम्ही गावच्या मालवाहू गाडीतून परतलो. त्यामुळे जे कळायचे ते सोमवारी सकाळी कळले.

कंडक्टरने सगळ्यात आधी माझा गोंडा उचलला, कौतुकाने पाहिला, कार्ड मशीनला लावले. मशीन गप्प. त्याने कार्ड शर्टाला पुसले. गप्प. फुंकर मारली. गप्प. मागच्या सीटवरचा एकजण म्हणाला, "उलटं लाव ना गा." उलटे लावले. त्याच्या शेजारच्याने सांगितले, "जरासं उन्हात धरा." तेही केले. मग वंदनाचे, मग शेवंताचे. नऊच्या नऊ गोंडे त्याने एकामागून एक उचलले आणि ठेवले. तेवढ्यात त्याचे लक्ष भोकाकडे गेले.

"हे काय केलं व मोठमाय?"

"बांधलं," ती म्हणाली. मग त्याचा चेहरा पाहून हळूच, "काहून?"

त्या दिवशी नऊ पूर्ण तिकिटे फाटली.

दुपारी ती मला सोबत घेऊन स्टँडवरच्या खिडकीवर गेली. बाबू तरुण होता, स्वभावाने वाईट नव्हता. त्याने कार्ड खिडकीतून बाहेर काढून उन्हात धरले. प्लास्टिकच्या आत, कार्डाच्या कडेकडेने, केसाएवढी बारीक तार चारी बाजूंनी फिरलेली दिसली. आणि कोपऱ्यात, बरोबर आमच्या सुरेख भोकापाशी, ती तुटलेली.

"यात तार असते आजी. ती तुटली की कार्ड मेलं."

ती खूप वेळ त्या तारेकडे पाहत राहिली. आयुष्यभर तुटलेला धागा बघितला की ज्या नजरेने ती पाहायची त्याच नजरेने.

"म्हनजे धागाच तुटला ना?" ती म्हणाली. "मंग त सांधता येते."

बाबू हसला. मी हसले नाही, कारण मी तिला ओळखत होते.

दोन दिवस दुपारी ती जेवली नाही. स्वतःचे कार्ड घेऊन बसली. साडीच्या काठातली जर असते ना, तिची एक तार सोडवून तिने ती त्या भोकातून घातली, तुटलेल्या दोन टोकांना सुईच्या अणीने शोधले, बोटे जिभेला लावली, पीळ दिला. वर नखावरची लाली लावून ते चिकटवले, ती वंदनाकडून मागून घेतली होती. गुरुवारी सकाळी गाडीत तिने कार्ड पुढे केले. कंडक्टरने एक शब्द न बोलता ते मशीनला लावले. मागचा तो उन्हात धरायला सांगणारा माणूस उभा राहून पाहत होता.

मशीन गप्प.

"अजून एकडाव," ती म्हणाली.

त्याने पाचदा लावले. पाचव्यांदा तो म्हणाला, "गाठ चांगली हाय, मोठमाय. मशीनच अडानी हाय." त्या माणसाचे हे बोलणे मी विसरले नाही.

पण रोजचे पूर्ण तिकीट आम्हाला झेपणारे नव्हते. अर्ध्या तिकिटावर पवनीचे काम परवडत होते, पूर्णावर परवडत नव्हते, इतका साधा हिशेब होता. आठ दिवसांनी शेवंताच्या घरच्यांनी तिला सांगितले, कार्ड येईस्तोवर घरीच राहा. शेडमध्ये तिच्या कांड्या भरायच्या राहाटावर दुसरी बाई बसवायची गोष्ट निघाली. त्या दिवशी गाडीत वंदनाचे तोंड सुटले.

"कोनं सांगतलं होतं तुले भोकं पाडाले? आमी मांगतलं होतं का गोंडे? ज्याच्या त्याच्या हातचं ज्याच्या त्याच्यापाशी राहू द्यावं ना!"

तेव्हा मी बोलायला हवे होते. नेहमीसारखे मी खिडकीकडे पाहिले.

मोठमायचा हात मांडीवर उघडा होता. तिने तो मिटला आणि पदराखाली घेतला. तेवढ्यात कंडक्टर आला आणि सवयीने म्हणाला, "नऊ पवनी?" शेवंता नव्हती, आम्ही आठच होतो. मोठमायने तोंड उघडले, पण तिला आठ म्हणता येईना. कंडक्टरने स्वतःच मोजले आणि तिकिटे फाडली.

त्या दिवसापासून ती "आण इकडे" म्हणेना. आम्हाला तेव्हा कळले की ते दोन शब्द गाडीतून गेले तर गाडी किती रिकामी होते. लोक उभे राहून पिशव्या सांभाळायचे, लेकरे रडायची, आणि ती पदराखाली हात घेऊन बसून राहायची. आपल्या हातावर पुन्हा कोणी काही ठेवील असे तिला वाटत नव्हते. खरे सांगायचे तर तेव्हा आमच्यापैकी कोणी ठेवलेही नसते.

नव्या कार्डासाठी प्रत्येकीचा अर्ज लागत होता. नऊ अर्ज मीच लिहिले, शेडच्या पायरीवर बसून. अर्जात कारणाची एक ओळ होती. मी विचारले, "मोठमाय, काय लिहू? कार्ड खराब झालं?"

"खराब कायचं झालं? लिही, भोक मी पाडलं."

"आणि वंदनाच्या अर्जात?"

"त्यातबी तेच. पोरींचा कसूर नाही म्हनून लिही. नवाच्या नवामंदी लिही."

मी लिहिले. त्यासाठी कार्डावरचे तिचे ते नाव मला नऊ वेळा लिहावे लागले. बाबूने एक अर्ज वाचला, दुसरा वाचला, चौथ्यापर्यंत आला आणि म्हणाला, "आजी, नऊ अर्जांत एकच आरोपी? कार्ड खराब झालं एवढं लिहिलं तरी चालते ना."

"झालं नाही जी. मी केलं," ती म्हणाली.

प्रत्येकीला स्वतः हजर राहावे लागणार होते. मालक तिघींपेक्षा जास्त जणींना एका वेळी सोडत नव्हता. म्हणून रोज दुपारी मोठमाय आधी जाऊन रांगेत उभी राहायची. पाय दुखले की चपला रांगेत ठेवून पायरीवर बसायची, आणि आमचा नंबर यायच्या वेळी आम्ही पोचायचो. कोणी तिच्या चपला ओलांडून पुढे गेले तर लांबूनच ओरडायची, "ओ भाऊ, ते चपला नाही, ते मी हाय!" शेवंताला आणायला ती तिच्या घरी गेली. काय बोलली कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी शेवंता आणि तिची सासू, दोघी खिडकीवर हजर होत्या.

तीन आठवड्यांनी नवी कार्डे आली. बाबूने रबर लावलेला गठ्ठा खिडकीतून तिच्यापुढे सरकवला. ती दोन पावले मागे गेली.

"माह्या हातात नको देऊ बाप्पा. यायच्या यायले दे."

बाबूने एकेकीला नाव घेऊन कार्ड दिले. तिचे स्वतःचे कार्डही तिने दोन बोटांनी, कडेला धरून घेतले, जसे काही ते तापलेले होते.

पुढे एका सकाळी शेडमध्ये आलो तर प्रत्येकीच्या कांड्यांच्या टोपलीत एक छोटी पिशवी. साडीच्या काठाच्या तुकड्याची, आत कार्ड बरोबर मावेल एवढी, ज्याच्या त्याच्या रंगाच्या दोरीची. दोरी पिशवीला होती. कार्डाला कुठे काही नाही. आम्ही तिच्याकडे पाहिले तर ती मागापाशी पाठमोरी उभी राहून धागा सांधत होती. विणकर म्हणाला, "मोठमाय, धागा तुटलाच नाही." ती म्हणाली, "तुटन. आधीच पायून ठेवते."

आम्ही पिशव्या गळ्यात घातल्या. कंडक्टर पिशवीवरूनच मशीन लावायचा आणि मशीन वाजायचे. टीं. प्रत्येक टींला मोठमाय मान हलवायची. पण हात पदराखालीच.

हिवाळा संपता संपता तिचे गुडघे गेले. गाडीची पहिली पायरी उंच असते, ती चढताना खालून दोघींना ढकलावे लागे आणि वरून कंडक्टरला ओढावे लागे. "आना इकडे मले," असे ती तेव्हा म्हणायची, आणि तेवढ्यावर आम्ही हसून घ्यायचो. मग साकोलीकडच्या एकोडीहून तिची मुलगी आली. आईला घेऊन जाते म्हणाली. घरी शेत आहे, नातवंडे आहेत, चढायला पायरी नाही.

शेवटच्या दिवशी ती शेडमधला हिशेब आणि आपली कात्री घ्यायला आमच्यासोबत निघाली. खिडकीपाशी तिची नेहमीची जागा. गाडी तळ्याच्या पाळीला लागली. तेवढ्यात वंदना उठली आणि तिच्यासमोर उभी राहिली. तिने गळ्यातली पिवळ्या दोरीची पिशवी काढली.

"हे धर व मोठमाय. मले गर्दीत उभं राहाले जमत नाही."

गाडीत गर्दी नव्हती. वंदनाची सीटही रिकामीच होती.

मोठमायने तिच्याकडे पाहिले, हलली नाही. वंदना तशीच उभी, हात लांब करून. गाडी एका खड्ड्यातून गेली, वंदना पडता पडता राहिली, तरी तिने हात मागे घेतला नाही.

"हात दुखून राहिला न माहा," वंदना म्हणाली.

तेव्हा पदर हलला. हात बाहेर आला. तळवा वर, बोटे जराशी वाकलेली. नजर खिडकीबाहेर.

"आण इकडे," ती म्हणाली.

मग शेवंता उठली. मग बाकीच्या. मी माझी जांभळी पिशवी ठेवली तेव्हा तिच्या हातावर जागाच उरली नव्हती, ती तिने अंगठ्याखाली धरली. स्वतःची सगळ्यात वर. कंडक्टर आला आणि पाहत राहिला. ज्याचे कार्ड त्यानेच दाखवायचे हा नियम त्याच्याच तोंडून आम्ही पहिल्यांदा ऐकला होता.

"एका हातात नऊ कारडं?" तो म्हणाला. "पत्ते खेळून राहिली का जी?"

"नऊ पवनी," मोठमाय म्हणाली.

त्याने तिच्या हातावरच मशीन फिरवले. तिने पत्त्यांसारख्या पिशव्या पसरून धरल्या होत्या, एकेक पुढे सरकवत होती. टीं. टीं. टीं. नववे टीं वाजले तेव्हा मागच्या सीटवरच्या त्या उन्हात धरायला सांगणाऱ्या माणसाने टाळी वाजवली. पवनी येईपर्यंत तिने पिशव्या परत दिल्या नाहीत. स्टँडवर उतरल्यावर एकेकीला हाक मारून दिल्या. नावाने नाही, रंगाने. "पिवळी. हिरवी." माझी देताना म्हणाली, "जांभळे, जराशी बोलत जाय व. आता कोन सांगन तुहं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आठची गाडी आली. खिडकीपाशीची तिची जागा कोणी घेतली नाही. वंदनाने तिथे आपला डबा ठेवला. तळ्याची पाळ लागली. कंडक्टर आला आणि त्या डब्याकडे पाहून सवयीने म्हणाला, "नऊ पवनी?"

शेवंता पिशवीची दोरी बोटाला गुंडाळत राहिली. वंदना बाहेर पाहू लागली. कोणाच्याच तोंडून तो आकडा निघेना. कंडक्टर मशीन धरून थांबला. मी खिडकीकडे पाहिले. खिडकीत ती नव्हती, आणि खिडकी काही सांगणार नव्हती.

"आठ पवनी," मी म्हणाले.

कंडक्टरने वळून माझ्याकडे पाहिले, मग वंदनाकडे. "हे बोलते का?"

"बोलते जी," वंदना म्हणाली. "अन् उतरते बी बरोबर."